पराभव पटला पाहिजे

ज्या खेळांचे नियम तीन-चार पिढ्यांच्या हाताखालून जाऊन आपल्यापर्यंत आलेले असतात, त्यांतला न्याय आपल्याला जवळजवळ निसर्गसिद्ध वाटतो. चेंडू दोघांनाही सारखाच उसळतो, पंच सर्वांच्या डोळ्यांदेखत उभा असतो, आणि त्याच्या निकालावर थोडी कुरकूर करण्यापलीकडे दाद मागण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. परंतु जो खेळ अवघ्या पाव शतकापूर्वी जन्माला आला, ज्याचे मैदान, हत्यारे, पंच आणि घड्याळ ही सारी एका दूरच्या संगणकाच्या पोटात आहेत, आणि ज्यात नागपूरचा मुलगा व सिंगापूरचा मुलगा परस्परांचे तोंडही न पाहता एकमेकांवर नेम धरून उभे राहतात, त्या खेळात न्याय आपोआप उत्पन्न होत नाही. तो कुणीतरी बसून, हिशेब करून, चुका दुरुस्त करीत घडवावा लागतो. संगणकावरील नेमबाजीच्या ऑनलाइन खेळांकडे आपल्याकडची वडीलधारी मंडळी वेळेची नासाडी म्हणून पाहतात, आणि त्या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीही या खेळांच्या कर्त्यांनी न्याय आणि चुरस यांचा मेळ घालण्यासाठी जी खटपट केली आहे ती विधिशास्त्राच्या अभ्यासकानेही लक्षपूर्वक पाहावी अशी आहे.

उदाहरणासाठी मी मुख्यतः ‘काउंटर-स्ट्राइक’ हा एकच खेळ घेतो, कारण या जातीच्या खेळांत त्याच्याइतका दीर्घकाळ आणि त्याच्याइतक्या कसोशीने खेळला गेलेला दुसरा क्वचितच सापडेल. १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ या खेळात हौसेने फेरफार करून तो तयार केला, पुढल्याच वर्षी खुद्द व्हॉल्व्हने तो आपल्या पदरी घेऊन बाजारात आणला, २०१२ मध्ये त्याची ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही आवृत्ती निघाली आणि २०२३ च्या सप्टेंबरात ‘काउंटर-स्ट्राइक २’. खेळाचे स्वरूप थोडक्यात असे, की पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. एकाने दोन ठरलेल्या जागांपैकी कुठेतरी बॉम्ब लावायचा आणि दुसऱ्याने तो लावू द्यायचा नाही, किंवा लावलाच तर निकामी करायचा. फेरीची मुदत १ मिनिट ५५ सेकंद. बॉम्ब लागल्यावर तो फुटायला ४० सेकंद. निकामी करायला १० सेकंद, आणि त्यासाठीचे साधन आधी विकत घेतलेले असले तर ५. जो मेला तो त्या फेरीपुरता मेला, उरलेला वेळ त्याने सोबत्यांचा खेळ पाहत बसायचे. पूर्वी ३० पैकी १६ फेऱ्या जिंकणारा संघ विजयी होई, आता २४ पैकी १३ जिंकणारा होतो.

दोन्ही बाजूंना सर्व काही सारखे वाटून दिले की न्याय झाला, ही कल्पना सोपी आहे, पण या खेळाने ती पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवली. हल्ला करणाऱ्याचे काम आणि बचाव करणाऱ्याचे काम ही मुळातच भिन्न आहेत. बचाव करणारा आपली जागा धरून, कोपऱ्यावर नेम ठेवून वाट पाहू शकतो. हल्ला करणाऱ्याला अनोळखी कोपरे ओलांडावे लागतात, मात्र कोणत्या जागेवर आणि कोणत्या क्षणी तुटून पडायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती असतो. म्हणून हत्यारेही भिन्न ठेवली आहेत. हल्लेखोरांची एके-४७ शिरस्त्राणावरूनही डोक्यात एका गोळीत प्राण घेते, बचाव करणाऱ्यांची एम-४ तसे करू शकत नाही, पण ती हाताला अधिक स्थिर लागते. आपल्या खो-खोत पाठलाग करणारे नऊ आणि मैदानात पळणारे तिघेच, अशी उघड विषमता असते, आणि तरी तो खेळ अन्यायाचा आहे असे कुणी म्हणत नाही, कारण पाळी बदलते व जो धावला तोच मग पाठलागाला बसतो. काउंटर-स्ट्राइकमध्येही निम्मा सामना झाला की बाजू बदलतात, आणि मैदान एखाद्या बाजूला अनुकूल असले तरी ती अनुकूलता दोघांच्या वाट्याला येते.

याचा अर्थ मैदानाच्या रचनेकडे दुर्लक्ष करता येते असा मात्र नव्हे. ‘न्यूक’ या नावाचा एक मॅप आहे. अणुवीज केंद्राची इमारत, आणि बॉम्बच्या दोन जागा शेजारी-शेजारी नसून एकीच्या खाली दुसरी. बचाव करणाऱ्याला वरून खाली उतरायला क्षण पुरतो आणि हल्लेखोराला मात्र बाहेरून वळसा घालावा लागतो, म्हणून कित्येक वर्षे या मॅपवर बचावाचेच पारडे जड राहिले, इतके की पहिल्या अर्ध्यात बचावाची बाजू मिळालेला संघ मोठी आघाडी घेई आणि दुसऱ्या अर्ध्यात तीच दुसऱ्या संघाने फेडायची, असे सामने होऊ लागले. हिशेबाने यात अन्याय नव्हता, पण अशा सामन्यात प्रत्येक फेरीचा निकाल आधीच अर्धा ठरलेला असल्याने चुरस उरत नसे. व्हॉल्व्हने तो मॅप काढून घेतला आणि २०१६ मध्ये नव्याने बांधून परत आणला. न्याय साधला तरी स्पर्धा मरू शकते, हे या एका इमारतीने दाखवून दिले.

या खेळाचा मला सर्वांत विचारपूर्वक वाटणारा भाग म्हणजे त्याचा खजिना. प्रत्येक खेळाडूला अर्ध्याच्या आरंभी ८०० डॉलर मिळतात, कुणालाही १६,००० हून अधिक साठवता येत नाहीत, आणि दर फेरीआधी हत्यारे विकत घ्यावी लागतात. एके-४७ ची किंमत २,७००, चिलखत आणि शिरस्त्राण मिळून १,०००, आणि ‘ऑप’ नावाची, एका गोळीत बहुधा प्राण घेणारी, लांब पल्ल्याची बंदूक ४,७५०. जिंकणाऱ्याला फेरीमागे ३,२५० किंवा ३,५०० मिळतात. एवढ्यावरच थांबले असते तर पहिल्या दोन फेऱ्या जिंकणारा संघ श्रीमंत होत गेला असता, हरणारा पिस्तुलांवर लढत राहिला असता आणि सामना दहा मिनिटांत संपल्यात जमा झाला असता. म्हणून हरणाऱ्यालाही पैसे मिळतात, आणि तेही सलग पराभवांगणिक वाढत्या दराने: प्रथम १,४००, मग दरवेळी ५०० अधिक, ३,४०० पर्यंत. हा ‘लॉस बोनस’ कितपत असावा यावरचा वाद खेळाइतकाच जुना आहे.

या मदतीने एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळली आहे, आणि त्यामुळेच मी या मदतीचा पक्ष घेतो. ती दुर्बलाचा नेम सुधारत नाही, बलवानाची गोळी बोथट करत नाही. ती फक्त पुढच्या फेरीत उभे राहण्यापुरते भांडवल देते आणि त्याचे काय करायचे ते संघावर सोडते. दोन फेऱ्या काही न घेता काढायच्या, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत ‘इको’ करायचा, आणि तिसरीत पाचही जणांनी पूर्ण शस्त्रे घेऊन उतरायचे, की हाती आहे त्यात जुगार खेळायचा, हा निर्णय कौशल्याचाच एक भाग होऊन बसतो. हत्यारांच्या बक्षिसांतही तेच तारतम्य आहे. बहुतेक रायफलींनी शत्रू मारला तर ३०० डॉलर मिळतात, ऑपने मारला तर केवळ १००, आणि चाकूने मारला तर १,५००; जे हत्यार काम सोपे करते त्याचा मोबदला कमी.

तरीही या खजिन्याच्या कायद्यात एक जाच होता, आणि तो दूर व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. जुन्या नियमाप्रमाणे एक फेरी जिंकली की पराभवाची वाढलेली मदत पूर्णपणे पुसली जाई. चार फेऱ्या हरून पाचवी कशीबशी, चौघे सोबती गमावून जिंकणारा संघ सहावी हरला तर त्याच्या हाती पुन्हा तळाचे १,४०० येत. म्हणजे त्या जिंकलेल्या फेरीनेच त्याचे दिवाळे काढलेले असे. नव्या नियमाने विजयानंतर मदतीची पायरी एकानेच खाली उतरते. दुरुस्ती लहान आहे, पण तिच्यामागची जाणीव मोठी आहे: पराभवाचे कारण खेळाडूच्या चुकीत असले पाहिजे, हिशेबाच्या एखाद्या कलमात नव्हे.

माझ्या मते या साऱ्या खटपटीची कसोटी हीच आहे. हरलेल्याला आपण का हरलो हे कळले पाहिजे, आणि कळल्यावर पटलेही पाहिजे. २०१५ च्या डिसेंबरात व्हॉल्व्हने ‘आर-८’ नावाचे रिव्हॉल्व्हर खेळात आणले. किंमत ८५०, आणि मार मात्र ऑपच्या जवळ जाणारा. लोकांनी संताप व्यक्त केला, कंपनीने थोड्याच दिवसांत त्याचा मार उतरवला. वास्तविक ते रिव्हॉल्व्हर दोन्ही संघांना सारखेच उपलब्ध होते, तेव्हा समतेच्या दृष्टीने त्यात दोष काढता येत नव्हता. पण एवढ्या स्वस्तात एवढी ताकद मिळू लागल्यावर वर्षानुवर्षे कमावलेला नेम आणि जपून राखलेला पैसा या दोहोंची किंमत शून्य झाली, आणि हरणाऱ्याला आपल्या पराभवातून शिकण्यासारखे काही उरले नाही.

आता मी ज्या भागाकडे येतो तो सामान्य वाचकाला कदाचित सर्वांत अपरिचित असेल, पण न्यायाचा खरा पेच तेथेच आहे. ऑनलाइन खेळात प्रत्येक खेळाडूच्या पडद्यावर दिसणारे जग थोडे जुने असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो; मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर; तेव्हा वाटेत कुठेही न थांबता बातमी जाऊन परत यायला जवळजवळ ४० मिलिसेकंद लागतात, आणि समुद्रतळावरून वळसे घेत जाणाऱ्या खऱ्या केबलीतून त्याहून अधिक. या विलंबालाच खेळाडू ‘पिंग’ म्हणतात. समजा, मुंबईतल्या खेळाडूने कोपऱ्यावर दिसणाऱ्या शत्रूवर अचूक नेम धरून गोळी झाडली. ती बातमी सर्व्हरपाशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या त्या दूरच्या संगणकापाशी, पोहोचेपर्यंत तो शत्रू भिंतीआड गेलेला आहे. मुंबईकर म्हणतो, मी त्याला पाहिले आणि मारले. शत्रू म्हणतो, मी तर भिंतीआड होतो. दोघेही खरे बोलत आहेत. निवाडा कुणाच्या बाजूने द्यायचा?

व्हॉल्व्हच्या यान बर्निअर या अभियंत्याने २००१ मध्ये या प्रश्नावर एक निबंध वाचला आणि त्यातली पद्धत पुढे या जातीच्या बहुतेक खेळांनी कमी-अधिक फरकाने उचलली. सर्व्हर प्रत्येक खेळाडू गेल्या काही क्षणांत कुठे-कुठे होता याचे दप्तर ठेवतो. गोळीची बातमी आली की झाडणाऱ्याचा विलंब मोजून तो काळ तेवढा मागे नेतो, त्या क्षणी शत्रू झाडणाऱ्याच्या पडद्यावर जेथे दिसत होता तेथे त्याला पुन्हा उभा करतो, आणि गोळी लागली की नाही ते ठरवतो. म्हणजे निवाडा झाडणाऱ्याच्या साक्षीवर होतो. त्याची किंमत मरणारा मोजतो. आपण सुखरूप आडोशाला पोहोचलो असे त्याला दिसते आणि त्यानंतर अर्ध्या पावलावर तो कोसळतो. मला ही तडजोड योग्य वाटते, कारण नेम अचूक असूनही गोळी न लागणे हा नेमबाजीच्या खेळातला अधिक मोठा अन्याय आहे. पण त्यालाही मर्यादा हवी, नाहीतर ज्याची लाइन रखडते त्याच्या जुन्यापुराण्या साक्षीवर इतरांचे बळी जाऊ लागतील.

याच विलंबातून आणखी एक विषमता निघते. कोपऱ्यामागे स्थिर बसलेला बचाव करणारा कुठे आहे हे हल्लेखोराच्या संगणकाला आधीच माहीत असते, पण हल्लेखोर कोपऱ्यातून बाहेर पडल्याची बातमी बचाव करणाऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून जो बाहेर येतो त्याला समोरचा किंचित आधी दिसतो. माणसाची प्रतिक्रियाच मुळी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते, तेव्हा तीस-चाळीस मिलिसेकंदांनीही निकाल फिरतो. रायट कंपनीने २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ काढला तेव्हा या एका गोष्टीवर मोठा खर्च केला: सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाची नोंद घेतील असे ठेवले आणि बहुसंख्य खेळाडूंचा विलंब ३५ मिलिसेकंदांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मुंबईत सर्व्हर बसवले जाणे ही आपल्याकडच्या खेळाडूंना केवळ सोय वाटत नाही, त्यांना ते न्यायालय आपल्या इलाख्यात आल्यासारखे वाटते, ते याच कारणाने.

पण मुंबईत सर्व्हर आला म्हणून तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलाचा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे बहुसंख्य मुले संगणकावर नव्हे तर फोनवर खेळतात, ‘बीजीएमआय’सारखे खेळ खेळतात, आणि तेथे महागड्या फोनवर सेकंदाला ९० चित्रे उमटतात, तर स्वस्त फोनवर त्याच्या निम्मीही कठीण जातात, शत्रूची हालचाल एकाला सलग दिसते आणि दुसऱ्याला तुटक. वीज जाते, नेटवर्क एका रेघेवर येते. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात या विषमतेला कलम नाही, आणि कंपन्यांनी तिच्यासाठी केलेले उपाय मला फार तोकडे वाटतात. हरणाऱ्या मुलाला हे ठाऊकही नसते, आपला हात मंद आहे असेच तो समजतो, आणि मला ही गोष्ट या साऱ्या विषयातली सर्वांत दुःखदायक वाटते.

समोर कोण उभा करायचा, हा पुढला प्रश्न. मिलवॉकी येथे पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी जी गुणांकनपद्धती बसवली ती अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यानुसार दोघांत २०० गुणांचे अंतर असेल तर वरच्याने शंभर गुणांपैकी सुमारे ७६ मिळवावेत अशी अपेक्षा असते, आणि अपेक्षेपेक्षा चांगले खेळणाऱ्याचे गुण वाढतात. पाच जणांच्या संघात विजयाचे श्रेय कुणाचे हे ठरवणे अवघड, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘ट्रूस्किल’ नावाची पद्धत काढली, जिच्यात खेळाडूच्या बळाच्या अंदाजाबरोबरच त्या अंदाजातली अनिश्चितताही मोजली जाते. सामना जुळवणारी यंत्रणा या अंकांवर बेतून असे दहा जण एकत्र आणते, की दोन्ही संघांची जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी असावी.

येथे निष्णात खेळाडूंची एक तक्रार असते आणि ती वरवर फेटाळण्यासारखी नाही. ते म्हणतात, मी जितका सुधारतो तितके समोरचे कठीण होत जातात, मग माझ्या श्रमांचे फळ मला दिसणार कुठे? ‘कॉल ऑफ ड्यूटी’ काढणाऱ्या ॲक्टिव्हिजन कंपनीने २०२४ मध्ये आपल्या जुळवणीविषयी एक टिपण प्रसिद्ध केले; त्यात, जुळवणी करताना कौशल्याचा विचार सैल सोडून पाहिला तेव्हा वरच्या दहा टक्क्यांखेरीज बाकी सर्वांचे खेळाकडे परतणे कमी झाले, असा अनुभव नोंदवला होता. बहुसंख्यांच्या बाजूने हा पुरावा भक्कम आहे. परंतु खेळाडू परत आला की नाही हे दुकानाच्या गल्ल्याचे माप आहे, न्यायाचे नव्हे, आणि या दोहोंची गल्लत करू नये. मला वाटते, तक्रारीचे मूळ जुळवणीत नसून तिच्या गुप्ततेत आहे. जुन्या काउंटर-स्ट्राइकमध्ये अठरा पदे होती, आणि एखादा वर का चढला वा खाली का उतरला हे कुणाला नीट सांगता येत नसे. नव्या आवृत्तीच्या ‘प्रीमियर’ प्रकारात सरळ अंक दिसतो, आणि जिंकल्यास किती मिळतील व हरल्यास किती जातील हे सामन्याआधीच समोर मांडलेले असते. गणित कठोर असले तरी ते उघडे असले की माणूस ते सोसतो.

पैसे देऊन बळ विकत घेण्याचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर फारसे दुमत नाही. ‘बॅटलफ्रंट २’ या खेळात २०१७ मध्ये पैशाने ताकद मिळण्याची सोय ठेवली होती, ती लोकांच्या रोषामुळे कंपनीला तूर्त मागे घ्यावी लागली. काउंटर-स्ट्राइकने २०१३ पासून बंदुकांवरची रंगीत नक्षी विकली, बळ विकले नाही, आणि ते पथ्य मोलाचे होते. मात्र २०१९ मध्ये खेळाडूंचे वेष विकायला काढल्यावर त्यांतले काही मॅपच्या सावलीत मिसळून जाऊ लागले. बंदुकीच्या रंगाने नेम बदलत नाही, वेषाच्या रंगाने शत्रूचे दिसणे बदलते. शोभेची वस्तू आणि लाभाची वस्तू यांतली सीमा किती बारीक आहे ते यावरून दिसते.

आता फसवणूक. भिंतीपलीकडचे दाखवणारे आणि नेम आपोआप धरून देणारे हॅक या खेळाला जन्मापासून चिकटलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी व्हॉल्व्हने २००२ पासून ‘व्हॅक’ नावाचा पहारा बसवला आहे, ज्याने दिलेली हद्दपारी कायमची असते. पण मला अधिक आदर वाटतो तो २०१३ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या पंचायतीविषयी. अनुभवी खेळाडूंपुढे संशयिताच्या आठ-एक फेऱ्यांचे चित्रण ठेवले जाई; त्याचे नाव झाकलेले, इतरांची नावेही झाकलेली; आणि त्यांनी प्रत्येक आरोपाबाबत दोनपैकी एकच उत्तर द्यायचे, की गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला, किंवा पुरावा अपुरा आहे. फौजदारी न्यायालयाची ही भाषा खेळात उगीच आणलेली नव्हती. उत्तम खेळाडू आणि हॅक वापरणारा हे दोघे प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि कुणी आपल्यापेक्षा चांगला खेळतो म्हणून तो लबाड, असे मानण्याचा मोह अनावर असतो. त्या मोहाला पायबंद घालायचा तर पुराव्याचे ओझे आरोप करणाऱ्यावरच ठेवले पाहिजे. याच पंचांच्या निवाड्यांवर पुढे व्हॉल्व्हने एका यंत्राला शिकवले आणि संशयित हेरण्याचे काम त्याच्याकडे दिले.

व्हॅलोरंटने निराळा मार्ग धरला. शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत तो कुठे आहे ही माहितीच सर्व्हर खेळाडूच्या संगणकाला देत नाही; जे घरात आलेच नाही ते चोरणार कसे, हा विचार मला निर्दोष वाटतो. पण त्याच्या जोडीला ‘व्हॅनगार्ड’ नावाचा जो पहारेकरी येतो तो संगणक चालू होताच जागा होतो आणि यंत्राच्या सर्वांत आतल्या दालनात बसतो, खेळ चालू असो वा नसो. खेळातल्या न्यायासाठी घरातल्या संगणकाच्या किल्ल्या कंपनीच्या स्वाधीन करणे ही मोठी किंमत आहे, आणि ती मुकाट्याने देणाऱ्या तरुणांनी निदान तिचा विचार करावा असे मला मनापासून वाटते.

फसवणुकीची एक हकिगत आपल्या देशाशी निगडित आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात शांघाय येथील एका आशियाई स्पर्धेत ऑप्टिक इंडिया हा भारतीय संघ एका व्हिएतनामी संघाशी खेळत होता. सामना मध्येच थांबवून पंच एका भारतीय खेळाडूच्या संगणकापाशी आले. त्याने घाईघाईने एक फाइल पुसण्याची धडपड केली. तिचे नाव ‘वर्ड डॉट ईएक्सई’ असे निरुपद्रवी ठेवलेले होते, आणि आत नेम धरून देणारा हॅक होता. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. पण संघ स्पर्धेतून बाद झाला, मोडलाही, आणि बाकीच्या चौघांनी वर्षानुवर्षे घेतलेली मेहनत एका दिवसात मातीमोल झाली. पुढे कित्येक दिवस भारतीय खेळाडू म्हटले की परक्यांच्या मनात प्रथम ती फाइल येई. ज्याने नियम मोडला त्याला शिक्षा देता येते, परंतु ज्यांनी मोडला नाही त्यांची भरपाई करण्याची तरतूद कुठल्याच नियमावलीत मला आढळली नाही.

आणि कुणीही हॅक वापरलेला नसताना, सर्व खेळाडू एकाच सभागृहात एकाच प्रतीच्या यंत्रांवर बसलेले असतानाही न्याय कसा अडचणीत येतो, ते २०१४ च्या नोव्हेंबरात स्वीडनमधील यॉनशॉपिंग येथे भरलेल्या ड्रीमहॅक स्पर्धेत दिसले. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनचा फ्नॅटिक आणि फ्रान्सचा एलडीएलसी हे संघ ‘ओव्हरपास’ या मॅपवर निर्णायक सामना खेळत होते, आणि पहिल्या अर्ध्याअखेर फ्नॅटिक ३ विरुद्ध १२ असे मागे होते. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचे तिघे एकाच्या खांद्यावर एक असे उभे राहिले आणि सर्वांत वरचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कडेवर पाय ठेवून, मॅपच्या इमारतींवरून पलीकडचा मोठा प्रदेश न्याहाळू लागला. मॅप बनवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेल्या त्या जागेवरून काही भिंती एका बाजूने पारदर्शक दिसत होत्या. फ्नॅटिकने १४ पैकी १३ फेऱ्या जिंकून सामना १६-१३ असा खिशात घातला.

एलडीएलसीने तक्रार गुदरली. स्पर्धेच्या नियमांत अदृश्य कडांवर उभे राहण्याला आणि पारदर्शक भिंतींचा लाभ घेण्याला मनाई होती, तेव्हा संयोजकांनी दुसरा अर्धा पुन्हा खेळवण्याचा हुकूम दिला. मग असे निदर्शनास आले, की एलडीएलसीनेही त्याच सामन्यात एका अदृश्य कडेचा आधार घेतला होता, जरी त्याचा लाभ फार कमी होता. आणि हुकूम बदलून संपूर्ण मॅप पुन्हा खेळवण्याचे ठरले. फ्नॅटिकच्या बाजूने बोलणारे म्हणत, की खेळाने शक्य ठेवलेली गोष्ट शोधून काढणे हेही कौशल्यच, आणि शोधाला शिक्षा देणारी स्पर्धा निर्जीव होईल. या म्हणण्यात वजन आहे. या खेळातल्या कित्येक मान्य युक्त्या मूळ कर्त्यांच्या कल्पनेतही नव्हत्या. परंतु मान्य युक्तीला तोड असते, ती पाहून पुढच्या फेरीत तिच्याविरुद्ध काही योजता येते. ओव्हरपासच्या त्या खांबासारख्या रचलेल्या तिघांविरुद्ध एलडीएलसीला काही योजता येण्याजोगे नव्हते. ज्याच्या दृष्टीला आपण पडतो आहोत त्याच्यावर त्यांना गोळीच झाडता येत नव्हती. संयोजकांचा दुसरा हुकूम त्यामुळे मला अक्षरशः बरोबर आणि तरीही थोडा कठोर वाटतो, कारण दोन्ही अपराधांना त्याने एकाच तराजूत घातले. पण नियमावलीत लहान आणि मोठ्या उल्लंघनात भेद केलेला नसताना त्यांनी तो स्वतःच्या मर्जीने केला असता, तर ते अधिक वाईट झाले असते.

सामना पुन्हा खेळला गेलाच नाही. फ्नॅटिकने स्पर्धेतून माघार घेतली, एलडीएलसी पुढे जाऊन विजेता ठरला, आणि व्हॉल्व्हने ओव्हरपासवरची ती कड बुजवून टाकली.